कुडापलीकडच्या सासूबाई

१२ फेब्रुवारी १९३४
आज पहिल्यांदा भिंतीला धरून दारापर्यंत गेलो. तापाने पुरता पिळून काढला आहे. आरशात पाहिलं तर पाळकाच्या गळपट्टीत दुसऱ्याच कोणाची तरी मान दिसली.

दमाली काल मिशनच्या दवाखान्यातून बाळंतपण आटोपून परत आली. आम्हाला मुलगी झाली. काळीभोर, तापट, मुठी आवळून झोपते. आजोळावर गेली आहे. आजोळी नेमकी कोणावर, ते मी लिहीत नाही. लिहिलं म्हणजे मी त्यांच्याकडे पाहिलं असं होईल.

बिशपसाहेब देवमाणूस, पण इंग्रज. गेल्या वर्षी आमच्या बुगांडा मुलखाचा नकाशा पसरून त्यांनी बोट ठेवलं आणि मला नवी मंडळी उभारायला क्यांजुकीला पाठवलं. मी म्हटलं, साहेब, हे माझ्या बायकोचं माहेर आहे. तर म्हणाले, "उत्तम! सासूबाईंची मदत होईल." त्यांच्याकडे म्हणे जावई सासूच्या शेजारी बसून चहा पितो. आता मी घरजावई पाळक. केळीच्या बागेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे सासूबाई, आणि सासूजावयाने एकमेकांचं तोंड पाहायचं नाही ही आमची रीत, म्हणून मधल्या वाटेवर दोघांनी एकमेकांना चुकवायचं.

दमाली नसताना ताप चढला होता. कोणीतरी कपाळावर ओल्या घड्या ठेवत होतं, मान उचलून पाणी पाजत होतं, मी बरळलो की गप्प बस म्हणून दटावत होतं. हात खरबरीत, अंगाला कॉफीच्या बिया चघळल्याचा वास. मला वाटलं, माझी आईच मेलेली परत आली. शेजारच्या नालोंगोचे आज आभार मानले. ती म्हणाली, "माझे कसले आभार, पाळकसाहेब? मी आपली शेळी बांधायला येत होते." अशी नम्र माणसं मंडळीत असली तर काळजी नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
उपासनेला बोलावणारा ढोल वाजवून वाजवून हात दुखले. आले कोण? नालोंगो, तिचा नवरा मुसोके, आणि पावसाने अडकलेला एक मिठाचा व्यापारी. तो प्रार्थनेत झोपला.

सासूबाई नेहमीप्रमाणे देवळाच्या कुडाच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून, शेळीला जवळ बांधून शेंगा सोलत बसल्या होत्या. मी डोळे पुस्तकात ठेवले. मघाशी वाटेत त्यांची चाहूल लागली तेव्हा रीतीप्रमाणे कॉफीच्या झुडपात शिरलो, आणि त्याही पलीकडच्या झुडपात शिरल्या असाव्यात, कारण बराच वेळ दोन्ही झुडपं हलत होती आणि वाट मोकळी होती. अंगाला मुंग्या चढल्या त्या वेगळ्याच.

जावयाशी थेट बोलायचं नाही, म्हणून उपासना संपल्यावर कुडापलीकडून शेळीला उद्देशून आवाज आला, "शेळे, सांग त्याला, उपदेश फार लांबला. घरोघरी चुलीवरची केळी करपली असतील."

शेळीने काही सांगितलं नाही, पण मला समजलं. त्यांना हा धर्म पसंत नाही हे उघड आहे. नाहीतर इतकं पाठ फिरवून कशाला बसतील?

७ मार्च
वाचनवर्गात आज घोटाळा झाला. पेत्राची सासू तापाने पडली होती, प्रभूने तिचा हात धरला आणि ताप गेला, ही गोष्ट लावून वाचत होतो. मुसोके ताडकन उठला.

"थांबा, थांबा. ती बाई कोणाच्या घरात पडली होती?"

"पेत्राच्या."

"जावयाच्या घरात?" त्याने सगळ्यांकडे पाहिलं. "आणि हा पेत्र पुढे मोठा पाळक झाला?"

वर्गात एकच गिल्ला झाला. मी म्हटलं, त्यांच्या मुलखात चालतं. कोणालाही पटलं नाही. खरं तर मलाही ती गोष्ट वाचताना दर वेळी अवघडल्यासारखं होतं.

तेवढ्यात कुडाबाहेरून, "शेळे, विचार त्याला, त्या बाईचं नाव काय होतं?"

मी छपराकडे बघत उत्तर दिलं, "नाव लिहिलेलं नाही."

"लिहिलं नाही! बरं, आणि हात धरल्यावर तिला थरथर लागली का?"

"नाही. ती उठली आणि तिने सगळ्यांना जेवायला वाढलं."

बाहेर दोन शेंगा फुटल्याचा आवाज. मग, "वाढलं म्हणे. आजारातून उठलेल्या बाईला जरा बसू द्यायचं होतं, शेळे."

बायका हसून हसून लोळल्या. वर्ग तिथेच मोडला.

२५ मार्च, झावळ्यांचा रविवार
देवाची लीला! देऊळ भरलं. जागा नाही म्हणून मुलांना खांबांना टेकवून उभं केलं. पलीकडच्या टेकडीवरच्या बायकासुद्धा आल्या, पोरं पाठीला बांधून. जमीन शेणाने सारवलेली, कुडाची भोकं नव्या काड्यांनी बुजवलेली. कोणी केलं विचारलं, तर बायका एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरचा माझा उपदेश लोकांच्या मनात चांगलाच रुजलेला दिसतो. दमालीला तसं म्हणालो. ती म्हणाली, "हो तर. तुमच्या उपदेशामुळेच," आणि इतकी हसली की बाळ उठलं. बाळंतपणानंतर बायका अशा उगाच हसतात असं ऐकलं होतं.

३ एप्रिल
आज दमाली पानात केळी वाढता वाढता म्हणाली, "अहो, आईला बाप्तिस्मा घ्यायचाय."

घास हातातच राहिला. आधी आनंद झाला, खोटं कशाला लिहू? गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या सासूबाईंकडे बघून पाऊल टाकतात. त्या आल्या तर सगळ्या येतील. मग लक्षात आलं की बाप्तिस्मा देतात तो हाताने. डोक्यावर पाणी घालून. आणि या मंडळीत पाळक एकच आहे.

सासूजावयाचा स्पर्श झाला की ओबुको लागतो. हात कापू लागतात ते मरेपर्यंत. हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालोय. पाळकांच्या शाळेत शिकलो की ताईत, मंत्र, मुठी यांना भिऊ नका, आणि दर रविवारी तेच ओरडून सांगतो. तरी दमाली बोलली तेव्हा मी नकळत हात पाठीमागे घेतले. थरथरत्या हाताचा पाळक प्रभुभोजनाचा प्याला कसा धरणार? भर मंडळीत सांडेल.

"आधी वाचन यायला हवं. परीक्षा द्यावी लागेल," म्हणालो.

दमाली म्हणाली, "घ्या की परीक्षा." माझ्याकडे मात्र तिने पाहिलं नाही.

१४ एप्रिल
परीक्षा घेतली. मी कुडाच्या आत, त्या बाहेर. उतारा मी निवडला. त्यांनी खडाखडा वाचला, एकदाही अडखळल्या नाहीत. दुसरा सांगितला, तोही तसाच. वाचनवर्गातले जुने लोकही इतकं सफाईदार वाचत नाहीत.

इथे मला संशय आला. कुडातल्या एका फटीतून खाली नजर गेली. त्यांच्याकडे पाहिलं नाही, शपथेवर लिहितो. मांडीवरचं पुस्तक तेवढं दिसलं, आणि पुस्तक उलटं होतं! अक्षरं डोक्यावर उभी. म्हणजे सगळं पाठ करून आल्या आहेत. देवाच्या घरात फसवणूक. वाईट वाटलं, आणि (हेही लिहितो) सुटल्यासारखंही वाटलं. वाचन येत नाही म्हटल्यावर बाप्तिस्म्याचा प्रश्न आपोआप पुढे ढकलला जाईल.

आणखी एक दिसलं. पुस्तक धरलेला हात. पाण्यावरच्या पानासारखा एकसारखा हलत होता.

१५ एप्रिल, रविवार
दमालीने सकाळी उपासनेआधीच माझी खरडपट्टी काढली.

"उलटं धरलं म्हणून नापास? अहो, घरात पुस्तक एक. वर्षभर मी अशी पुस्तक घेऊन बसायची आणि आई समोर शेंगा सोलत. तिने अक्षरं तिकडूनच ओळखली. सरळ धरून दिलं तर तिला एक अक्षर लागत नाही! हवं तर नवं पुस्तक द्या, कधी न पाहिलेलं."

दिलं. शेतीखात्याचं, केळीवरच्या किड्यांविषयीचं एक पत्रक होतं तेच दिलं. कुडापलीकडून पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचलं गेलं, आणि वर शेरा, "शेळे, हे लिहिणाऱ्याने केळ कधी लावलेली नाही."

पास. नाइलाज झाला.

दमालीला विचारलं, आईचा हात कधीपासून कापतो? ती बाळाला घेऊन परसात निघून गेली.

२२ एप्रिल
पाऊस थांबत नाही. सासूबाई खंगत चालल्या आहेत. आता कुडापर्यंत येताना वाटेत दोनदा बसतात म्हणे, आणि घरून आणलेलं अन्न शेळीला घालतात.

गावात कुजबूज आहे. विहिरीवर ऐकलं, "म्हातारीला ओबुको लागलाय. जावयाला शिवली असणार." किती मूर्खपणा! त्यांना जावई एकच, मी. आणि मी त्यांची सावलीसुद्धा ओलांडलेली नाही. नालोंगोपुढे चिडून हेच बोललो. म्हटलं, लोकांच्या जिभेला हाड नाही. ती किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली, लंगड्या वासराकडे बघावं तशी. मग म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही फार शिकलात हो."

या बाईला माझ्याविषयी आदर आहे.

३० एप्रिल
तोडगा सापडला. शेजारच्या मंडळीचे जकारियाबाबा म्हातारे आहेत, सायकलवर येतील, बाप्तिस्मा देतील. रीतही राहील, कामही होईल. इतकं सोपं आधी सुचलं कसं नाही? आज छान झोप लागेल.

५ मे
जकारियाबाबा चिखलातून सायकल ढकलत आले. गुडघ्यापर्यंत माखलेले. मंडळी जमली, पाणी भरलं, आणि सासूबाई गायब. केळीच्या बागेत जाऊन बसल्या होत्या. दमाली बोलवायला गेली तर म्हणाल्या, "परक्या माणसाने भिजवायला मी काही लुगडं नाही."

जमलेल्या म्हाताऱ्या उठल्या. एक जाता जाता माझ्या ऐकू येईल अशी म्हणाली, "पाळकच भितोय म्हटल्यावर आम्ही कशाला यायचं?" त्या आज दुपारच्या वर्गालाही आल्या नाहीत.

जकारियाबाबांनी पोटभर केळी आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली. निघताना सायकलच्या घंटीवरचा चिखल पुसत म्हणाले, "तिला तुझ्याच हातून हवंय, बाबा. मी उगाच पाय मोडून घेतले."

६ मे, रविवार
आज जे कळलं ते कसं लिहू?

उपासनेनंतर मी दमालीवर ओरडलो. म्हटलं, तुझ्या आईला माझा तमाशा करायचा आहे, मला सगळ्यांदेखत आजारी पाडायचं आहे. दमालीने बाळ खाली ठेवलं.

"तुमच्या तापात तुमच्याजवळ कोण होतं?"

"नालोंगो."

"नालोंगो दारातून पाणी ठेवून पळायची. ताप मोठा होता, सगळे भ्याले होते. मी तिकडे दवाखान्यात. आई होती. तिने तुमचं डोकं मांडीवर घेतलं, अंग पुसलं, शुद्ध येईस्तोवर हलली नाही. मी परत आले तेव्हा तिचे हात कापत होते. मी रडायला लागले तर म्हणाली, रडतेस कशाला? सगळी थरथर माझ्याकडे आली, बरं झालं. त्याला प्याला धरायचा असतो."

मी बाळ उचलून घेतलं.

"आणि बाप्तिस्म्याचं म्हणाली, ज्याच्या कपाळाला मी पाणी लावलं त्यानेच माझ्या कपाळाला लावावं. नाहीतर राहू दे. त्याला सांगू नकोस, त्याला अवघड वाटेल."

दमाली अजून बरंच बोलली. जमीन कोण सारवतं, टेकडीवरच्या बायकांच्या घरी कोण काठी टेकत गेलं, करपलेल्या केळीची तक्रार करणाऱ्या नवऱ्यांना कोणी गप्प केलं. मी एकेका गोष्टीला मान हलवत होतो आणि मला माझ्या पेरणाऱ्याच्या उपदेशाची भयंकर लाज वाटत होती.

९ मे
भीती गेली असं लिहिलं तर खोटं होईल. सकाळी प्याला उचलून पाहिला. रिकामाच. हात स्थिर होता. त्या हाताकडे पाहून रडू आलं.

मनात येतं, त्यांचं वय झालंय, म्हातारपणीही हात कापतात. डॉक्टर हेच सांगतील. पण त्या तसं मानत नाहीत. त्यांना वाटलं होतं की मला हात लावला तर आजार लागेल, आणि तरी त्यांनी लावला. डॉक्टरच्या सांगण्याने यात काय फरक पडतो?

१२ मे
ठरवलं. पडदा नको, लांब दांड्याची पळी नको, जकारियाबाबा नकोत. सगळ्यांदेखत, उघड्या डोक्यावर हात ठेवून बाप्तिस्मा देणार. मोठ्या आवेशात कुडाजवळ उभा राहून तसं म्हणालो.

पलीकडून ताबडतोब, "शेळे, सांग त्याला, वेड लागलंय का? मी जावयासमोर उघड्या तोंडाने बसू? आजार गेला उडत, मला लाज आहे की नाही?"

माझा आवेश उतरला. मला वाटलं होतं मी मोठं धाडस करतोय. प्रत्यक्षात मी त्यांची अब्रू चव्हाट्यावर मांडत होतो. त्या मला इतकी वर्षं चुकवत आल्या त्यात भीती थोडीच होती. जावयाचा मान होता, आणि तो मान त्यांना सोडायचा नव्हता. मग आम्ही खूप वेळ बोललो, म्हणजे मी कुडाशी आणि त्या शेळीशी. शेवटी त्यांनीच मार्ग काढला. झाडाच्या सालीचं वस्त्र, त्यांच्या लग्नातलं, डोक्यावरून पायापर्यंत घेतील. हात वस्त्रावर ठेवायचा. पाणी झिरपेल तेवढं झिरपेल.

"झिरपलं नाही तर?" मी विचारलं.

"शेळे, त्याला म्हणावं, जास्त पाणी घे."

आणि थोड्या वेळाने, "नाव हन्ना. लिहून ठेव म्हणावं. नाहीतर माझंही त्या बाईसारखं व्हायचं."

२० मे, पेंटेकॉस्टचा रविवार
चार म्हाताऱ्या दमालीला घेरून बसल्या आहेत. त्यांना वाचायला शिकायचंय, आणि पुस्तक कोणत्या बाजूने धरायचं यावर कडाक्याचं भांडण चाललंय. म्हणून मला लिहायला निवांतपणा आहे.

देऊळ भरून लोक बाहेर पावसात उभे होते. सासूबाई बाजूच्या दाराने आल्या, एका बाजूने दमाली आणि दुसऱ्या बाजूने नालोंगोने धरलेल्या. तांबूस सालवस्त्राखाली त्या मुळी दिसतच नव्हत्या. पुरुषांनी माना खाली घातल्या. वस्त्र सगळीकडून थरथरत होतं, ते सर्वांना दिसत होतं, आणि कोणी कुजबुजलं नाही.

त्या गुडघ्यांवर बसल्या. पुस्तकातला पहिला प्रश्न मी विचारला. पुस्तकात 'तू' आहे, माझ्या तोंडून 'तुम्ही' गेलं.

"सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कामांना तुम्ही नाकारता का?"

"नाकारते."

 मध्ये शेळी नव्हती, कूड नव्हता. सासूबाई माझ्याशी बोलल्या होत्या.

"देवावर विश्वास ठेवता का?"

"ठेवते. म्हणून तर आले एवढ्या पावसात."

मंडळीत हसू पसरलं. मी ओंजळीत पाणी घेतलं. पहिली ओंजळ वस्त्राने गट्ट केली. दुसरी बाजूने ओघळून दमालीच्या पायावर पडली. नाव उच्चारत तिसरी ओंजळ घातली, आणि पाणी वाया जाऊ नये म्हणून तळवा त्यांच्या डोक्यावर सपाट दाबून धरला. दमालीने वस्त्राची कड उचलून आत डोकं घातलं.

"लागलं! अहो, लागलं! कपाळावरून नाकावर आलं!"

बायकांनी जिभा हलवून असा गजर केला की बाहेरच्यांना आत काय झालं ते विचारावं लागलं नाही.

माझा हात मात्र तिथेच होता. ओल्या वस्त्राखाली त्यांचं डोकं हलत होतं, लहानसं, हाताच्या पंजात मावेल एवढं. ती थरथर माझ्या मनगटापर्यंत, कोपरापर्यंत येत होती. मला भीती वाटायला हवी होती. मला वाटत होतं की येऊ दे, थोडी तरी इकडे येऊ दे. प्रार्थना संपली तरी मी हात काढला नाही. मुसोके खाकरला, तरी नाही.

मग वस्त्राच्या आतून, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू आवाजात त्या म्हणाल्या,

"पुरे आता, बाळा. हात अवघडेल तुझा."

"नाही अवघडत, आई," मी म्हणालो.